आठ राज्यांची ऊब

२ जानेवारी, गुरुवार

नवं वर्ष, नवे संकल्प. खरं तर मागच्याच वर्षीचे आहेत, पण तेव्हा फारसे वापरले गेले नाहीत, त्यामुळे नव्यासारखेच आहेत. ऑफिसला चालत जायचं. घरच्या हीटरचा थर्मोस्टॅट खाली ठेवायचा. कुणाचं बोलणं मध्येच तोडायचं नाही. रोज डायरी.

आज चालत निघालो. कोपऱ्यापर्यंत गेलो. पारा शून्याच्या कितीतरी खाली. नाकातले केस गोठले. परत येऊन पिकअप काढली. डिझेलची आहे, पण मी ती विचारपूर्वक चालवतो.

आठ राज्यांच्या स्वच्छ ऊर्जा करारात आमच्या राज्याचा समन्वयक म्हणून हे माझं दुसरं वर्ष. पहिलं वर्ष कराराचं नाव ठरवण्यात गेलं. लोक हसतात. हसू देत. आठ गव्हर्नर एका कागदावर सह्या करतात म्हणजे काय चेष्टा आहे? 'धूर काही राज्याच्या सीमेवर थांबत नाही' हे माझं वाक्य. आमच्या खात्याच्या कमिशनर थेअरबाईंनी गेल्या महिन्यात भाषणात घेतलं. माझं नाव घेतलं नाही. वेळ कमी असेल.

६ जानेवारी, सोमवार

आज इतिहास घडला. मीच घडवला.

आठ राज्यांची व्हिडिओ मीटिंग. पहिला तास एकमेकांचे आभार मानण्यात. मग मुद्दा: वीजकेंद्रांना धुराचे परवाने विकून जो सामायिक निधी जमलाय, त्यातला पहिला प्रकल्प कुठे करायचा? प्रेस्कॉट लगेच पुढे. हा दक्षिणेकडच्या मोठ्या राज्याचा समन्वयक, दात फार पांढरे. म्हणाला, आमच्या शहरातलं वाचनालय तयार आहे, नकाशे तयार आहेत. सगळं कायम ह्याचंच तयार असतं.

मी मध्येच त्याचं बोलणं तोडलं. (तिसरा संकल्प. पण प्रसंगच तसा.) म्हटलं, ईस्ट टॅम्लिन. माझं गाव. शाळेचा तेलाचा बॉयलर माझ्या सासऱ्यांच्या वयाचा झालाय, अखंड धूर ओकतो. तो काढा, विजेवर चालणारे हीट पंप बसवा. छोटं गाव, मोठा आदर्श. अट एकच होती, गावानं आपल्या गावसभेत मत देऊन होकार द्यायचा. नाही दिला तर निधी वाचनालयाला. गावसभा मार्चमध्ये. मी म्हटलं, गाव माझ्या खिशात आहे.

'सहमती?' असं विचारलं गेलं. आठही हात वर. आमच्या करारात हे फार छान आहे. कुणी विचारलं की सगळे हात वर करतात. एखाद्याने नाही केला तर मीटिंग आणखी तासभर चालते.

नंतर थेअरबाईंचा फोन. म्हणाल्या, ऑल्डन, बाजारात तुरी आणि तुम्ही आत्ताच फोडणी घालताय. मी म्हटलं, बाई, तुरी माझ्याच शेतातल्या आहेत.

११ जानेवारी, शनिवार

घरी. आठवडाभर राजधानीतली भाड्याची खोली आणि शनिवार-रविवार ईस्ट टॅम्लिन, असं माझं चालतं.

कोरीनला सांगितलं. ती आमच्या शाळेत तिसरी-चौथी शिकवते. हातातला डाव तसाच ठेवला आणि मला मिठी मारली. किती दिवसांनी! मग एकदम गंभीर झाली. म्हणाली, शाळा समितीनं स्पष्ट सांगितलंय, बॉयलर गेला तर शाळा बंद. नवा घ्यायची गावाची ऐपत नाही. पोरांना बसमध्ये घालून डोंगरापलीकडच्या शाळेत पाठवणार, बर्फातून, रोज. सहा वर्षांची पोरं आहेत रे त्यात. आणि माझी नोकरी जाईल ती वेगळीच. ऑल्डन, हे नक्की होणार ना?

मी म्हटलं, झालंच समज.

संध्याकाळी मर्लमामांकडे गेलो. कोरीनचे सख्खे मामा. मेपलच्या झाडांच्या रसाचा पाक काढतात आणि गावसभेचे सभापती आहेत, मी लग्न होऊन गावात आलो त्याच्याही आधीपासून. म्हणाले, काय जावईबापू, चौदावा ठराव तुमचा. तेरावा स्मशानाच्या कुंपणाचा, पंधरावा रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या नांगराचा. पोरं वर्गात कोट घालून बसतात हे गावाला दिसतं. ठराव वाचीन, हात वर होतील, पुढे जाऊ. तुम्ही फक्त एक करा.

मी म्हटलं, काय?

म्हणाले, काही करू नका.

मी हसलो. जुन्या माणसांना नियोजन म्हणजे काय ते कळत नाही. आजपासून सादरीकरण बनवायला घेतलं.

१९ जानेवारी, रविवार

आधी केले मग सांगितले. घरचा थर्मोस्टॅट इतका खाली केला की मांजर शेजाऱ्यांकडे गेलं. कोरीन टोपी घालून वह्या तपासत होती. म्हणाली, दिवसभर शाळेत गारठायचं आणि घरी येऊनही गारठायचं, मग मी ऊब घ्यायची कुठे, बँकेत? मी तिला समजावलं की हा प्रतीकात्मक टप्पा आहे. ती म्हणाली, तुझं प्रतीक घाल चुलीत, आणि जाऊन खरंच चुलीत लाकडं घातली.

सादरीकरण बासष्ट पानांचं झालं. मर्लमामा फोनवर म्हणाले, सभागृहात पडदा नाही. मी म्हटलं, चादर लावू.

२५ जानेवारी, शनिवार

जनजागृती सुरू. आमच्याकडे शनिवारी सकाळी सगळं गाव आपापला कचरा घेऊन डेपोवर येतं. निवडणुकीला उभा राहणारा माणूस तिथेच उभा राहतो. मीही उभा राहिलो. पत्रकं वाटली. वर आठही राज्यांची बोधचिन्हं, खाली शाळेचा फोटो. बोधचिन्हांना जागा जास्त लागल्यामुळे शाळा जरा लहान आली.

प्रतिसाद जबरदस्त! प्रत्येकानं पत्रक घेतलं आणि चार पावलांवर रद्दीच्या पेटीत टाकलं. म्हणजे शंभर टक्के पुनर्वापर. हे अहवालात घालायला हवं.

काहींनी प्रश्नही विचारले. एकजण म्हणाला, आमची शाळा गरम करायला आठ राज्यं कशाला लागतात? त्यांना काय हवंय आमच्याकडून? मी त्याला कराराची पार्श्वभूमी सांगायला सुरुवात केली. त्याच्या गाडीत कुत्रं होतं म्हणून त्याला जावं लागलं.

पायांना बधिरपणा आलाय. पण आतून अस्वस्थ वाटतंय ते थंडीमुळे नाही. आणखी काहीतरी करायला हवं. काहीतरी मोठं.

५ फेब्रुवारी, बुधवार

सुचलं! पिकअपमध्ये, सिग्नलला. मागच्यानं हॉर्न वाजवेपर्यंत सुचत होतं.

बाकीच्या सातही राज्यांच्या समन्वयकांना गावसभेला बोलवायचं. ज्या सभेत गाव होकार देईल तिथेच ते बसलेले असतील. लोकशाही आणि हवामान एकाच सभागृहात. फोटो काढायचे. आमंत्रणं धाडली. मग थेअरबाईंची परवानगी मागितली. म्हणाल्या, नको. मी म्हटलं, आमंत्रणं गेली. बाईंनी फोन ठेवला.

कोरीनला फोन केला. म्हणाली, अरे गावसभा आहे ती, लग्न आहे का वऱ्हाड आणायला? घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, आणि तू सात घोडी आणतोयस!

सगळ्यांनी होकार कळवला. प्रेस्कॉटनं सगळ्यात आधी. जवळ स्कीइंग आहे का, असंही विचारलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बॉयलर गेला. सकाळी मोठा आवाज, मग तळघरात तेलाचा वास, मग काहीच नाही. पोरांना चर्चच्या तळघरात हलवलं. कोरीनचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो, शब्दसूचीच्या मसुद्यावर. अर्ध्या तासानं परत केला. तोवर तिनं स्वतःच सगळं हलवलं होतं, फळ्यासकट.

दुर्दैवी घटना. पण आपली बाजू मात्र भक्कम झाली. तळघरातल्या पोरांचा फोटो सातही राज्यांना पाठवला, शीर्षक 'निकडीची जाणीव'. चार जणांनी उभ्या अंगठ्याचं चिन्ह पाठवलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चर्चच्या तळघरात जाऊन आलो. एका खोलीत सगळे वर्ग. पहिलीवाले मोठ्यानं वाचतात, चौथीवाले कानावर हात ठेवून भागाकार करतात. कोरीनचा आवाज बसलाय. शाळा समितीची नोटीस आली आहे: गावसभेत सोय झाली नाही तर त्यानंतरच्या सोमवारपासूनच पोरं बसनं डोंगरापलीकडे.

रात्रीचं जेवण झाल्यावर कोरीन म्हणाली, एक मागू? मी म्हटलं, माग. म्हणाली, गावसभेपर्यंत तू काहीच करू नकोस. बोलू नकोस, लिहू नकोस, वाटू नकोस. मामा म्हणाले होते तेच. करशील एवढं माझ्यासाठी?

मी वचन दिलं. मनापासून दिलं. काहीही करणार नाही. फक्त अफवांचं तेवढं बघायला हवं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अफवा अशी, की शाळेत हीट पंप बसले की मग आठ राज्यांचे लोक घरोघरी येऊन लाकडाच्या चुली काढून नेणार. कसला मूर्खपणा! अशा वेळी गप्प बसणं म्हणजे अफवेला खतपाणी. वचनाचा आत्मा बघायचा असतो, अक्षर नाही.

खुलासा तयार केला. कराराच्या नियमानुसार मजकूर आठही राज्यांकडून मंजूर करून घेतला, त्याला चार दिवस लागले. एक राज्य म्हणालं, पुढच्या पिढीचं धोरण आत्ताच कसं बांधून ठेवायचं? दुसरं म्हणालं, थोडी मोकळीक ठेवा. शेवटी असं ठरलं: 'सध्याच्या टप्प्यात लाकडी चुलींवर बंदी घालण्याचा कोणताही विचार नाही.'

सुंदर वाक्य. आठ राज्यांनी मिळून लिहिलेलं. दुकानाच्या, पोस्टाच्या आणि डेपोच्या दारावर लावून घेतलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गाव पेटलंय. सगळे एकच विचारतात, सध्याच्या टप्प्यात म्हणजे? पुढच्या टप्प्यात काय?

दुकानात शिरलो. कॉफी मागितली तर म्हणाले, सध्याच्या टप्प्यात संपली आहे. मागे कुणीतरी हसलं. मीही हसलो. गावाला विनोदबुद्धी आहे, हे चांगलं लक्षण आहे.

कोरीननं काही विचारलं नाही. नोटीस तिनंच डेपोच्या दारावरून फाडून आणली होती, ती टेबलावर ठेवली आणि वह्या तपासायला बसली. तिला आवाजच नाहीये सध्या, त्यामुळे गप्प असावी.

मर्लमामा मात्र बोलले. म्हणाले, जावईबापू, मी म्हटलं होतं काही करू नका, तर तुम्ही करायचं काही बाकीच ठेवलं नाहीत.

३ मार्च, सोमवार

गावच्या कारकून ओडेटबाईंचा फोन. म्हणाल्या, पाहुण्यांना सांगून ठेवा, मतदार मधल्या खुर्च्यांवर बसतात. बाहेरच्यांसाठी भिंतीकडेची बाकं. मी म्हटलं, अर्थात. म्हणाल्या, तुम्हीसुद्धा तिकडेच. मी म्हटलं, काय थट्टा करता? म्हणाल्या, तुम्ही मागच्या हिवाळ्यात राजधानीत मतदार म्हणून नाव घातलंत ना, तिथल्या रस्त्यावर गाडी लावायला परवाना मिळावा म्हणून? मग इथलं नाव गेलं. नियमच आहे तो.

हे मी साफ विसरलो होतो.

असो. तांत्रिक बाब आहे. बाहेरच्या माणसाला गावानं परवानगी दिली तर बोलता येतं. आणि मला कोण नाही म्हणणार? कोरीनला आत्ताच सांगण्यात अर्थ नाही, तिला उगाच ताण. चादर मात्र इस्त्री करून ठेवली.

७ मार्च, शुक्रवार

पाहुणे आले. सात माणसं, सात गाड्या. सगळ्यांनी एकाच गाडीनं यावं यावर फेब्रुवारीतच एकमत झालं होतं. कुणाच्या गाडीनं यावर झालं नाही. थंडी इतकी, की कुणी इंजिन बंद करायला तयार नव्हतं. दुकानासमोर सात गाड्यांचा धूर एकत्र झाला. प्रेस्कॉट म्हणाला, इथली हवा काय ताजी आहे!

दुकानातले लोक खिडकीतून बघत होते. मी हात केला. त्यांनी केला नाही. काचेवर धुकं असेल.

उभं राहवत नाही, बसवत नाही. भाषण आरशासमोर म्हणून बघितलं. आरसा प्रभावित.

८ मार्च, शनिवार, सकाळ

आजचा दिवस. डोळे भरून येतायत. कोरीन लवकर उठून बीन्सचं मोठं भांडं घेऊन सभागृहात गेली. दुपारचं जेवण बायका करतात. जाताना म्हणाली, ऑल्डन, आज फक्त बस. मी म्हटलं, बसतोच आहे. ती थोडी घुटमळली, माझी कॉलर सरळ केली आणि गेली.

दुपार, पार्किंगमध्ये, पिकअपमध्ये बसून लिहितोय

घाईघाईत लिहितो.

मी भिंतीकडेच्या बाकावर बसलेला बघून कोरीनला पहिला धक्का. तिनं लांबूनच भुवया उंचावल्या. मी 'नंतर' अशी खूण केली.

स्मशानाच्या कुंपणावर तासभर चर्चा. मेलेल्यांना बाहेर जायचं नाही आणि जिवंतांना आत यायचं नाही, तर कुंपण कशाला, असं एकजण म्हणाला. शेवटी कुंपण मंजूर. मग चौदावा ठराव. मर्लमामांनी वाचला. मी हात वर करून बोलायची परवानगी मागितली, चादर काखेत. मामांनी गावाला विचारलं, ह्या गृहस्थांना बोलू द्यायचं का? काही हात वर झाले. मोजायची गरज पडली नाही. कोरीनचा हात वर नव्हता. मागून एकजण म्हणाला, सध्याच्या टप्प्यात नको. सगळं सभागृह हसलं. मी खाली बसलो.

तरीही काही बिघडलं नव्हतं! मामांनी विचारलं, ठरावाच्या बाजूनं? आणि हात वर व्हायला लागले. थोडे, मग आणखी. कुरकुरत का होईना, पोरांसाठी. मी बघत होतो, ठराव होत होता.

एवढ्यात माझ्या बाजूच्या बाकांवर सात हात वर झाले.

सवय! कुणी विचारलं की हात वर. त्यांचा काय दोष? प्रेस्कॉटचा तर सगळ्यात उंच. त्याला स्वतःचं वाचनालयही आठवलं नाही.

मागचा एक लाकूडतोड्या उभा राहिला. म्हणाला, हे कोण? आमच्या गावसभेत बाहेरची राज्यं मत द्यायला लागली? आजोबांच्या काळापासून ह्या गावात बाहेरच्याचं मत पडलेलं नाही. मग जो गलका झाला तो मर्लमामांच्या हातोड्यानंही थांबेना. बाकी सगळं गाव सहन करेल, पण हे नाही. कुणीतरी म्हणालं, चौदावा ठराव गुंडाळून ठेवा. गुंडाळून ठेवा म्हणणाऱ्यांचे हात मधल्या खुर्च्यांवरून एका झटक्यात वर. ठराव गुंडाळला.

मी कोरीनकडे बघितलं. ती बीन्सच्या भांड्यापाशी पळी हातात घेऊन उभी होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

पाहुण्यांना वाटतंय ठराव मंजूर झाला. सगळे पाठ थोपटतायत, अभिनंदन करतायत. मीही धन्यवाद म्हटलं. आत जेवणं चाललीयत. मला भूक नाही. अहवाल कसा लिहावा? 'अभूतपूर्व सहभाग' असं म्हणता येईल.

संध्याकाळ

जेवणानंतर मर्लमामा म्हणाले, पंधरावा ठराव, बर्फाचा नांगर. तेवढ्यात कोरीन उभी राहिली. अंगावर एप्रन तसाच. इतक्या वर्षांत ती गावसभेत कधी बोलली नाही. म्हणाली, मामा, चौदाव्याचा फेरविचार हवा. मामा म्हणाले, सभापती म्हण. म्हणाली, सभापती मामा.

आवाज बसलेला. सभागृह एकदम शांत, ऐकू यावं म्हणून.

म्हणाली, सकाळी तुम्ही रागावलात ते ह्या पाहुण्यांवर नाही. बिचारे घरून निघून इथे येऊन थंडीत बसलेत. तुम्ही रागावलात माझ्या नवऱ्यावर. मीही रागावले आहे, आणि माझा राग तुमच्यापेक्षा फार जुना आहे. (हशा.) पण रागानं खोली तापत असती तर आमच्या घरी लाकूड लागलं नसतं. (मोठा हशा.) सोमवारी सकाळी पहिलीतली पोरं बसमध्ये बसतील. त्यातल्या प्रत्येकाचं आजी-आजोबा, आई-बाप कुणीतरी इथे बसलंय. ती पोरं विचारतील, का? त्यांना काय सांगायचं, नोटिशीत दोन शब्द जास्त होते म्हणून?



मग म्हणाली, मी दुरुस्ती मांडते. निधी घ्यायचा. आठ राज्यांकडून काय, सोळा राज्यांकडून आला तरी घ्यायचा. धूर आपल्यालाही नको आहे. काम गावानं स्वतः करायचं, आपल्या देखरेखीखाली. आणि काम पुरं होईपर्यंत राज्याच्या समन्वयकानं त्यात पाऊल टाकायचं नाही.

मर्लमामांनी घसा साफ केला. म्हणाले, नोंदीसाठी विचारतो, समन्वयक म्हणजे कोण?

ती म्हणाली, ऑल्डन पेलेतिए. माझा नवरा.

मामांनी मत विचारलं. असे हात वर झालेले मी ह्या सभागृहात कधी बघितले नाहीत. लाकूडतोड्याचे तर दोन्ही. आजवर मी जेवढी सादरीकरणं केली, त्यांतल्या एकालाही असं उठलेलं गाव मिळालं नाही. माझाही हात वर गेला. मामा हळूच म्हणाले, जावईबापू, तुम्ही बाकावर आहात. मी हात खाली घेतला.

विरोधात कुणी नाही. मग नांगराचा ठराव.

पाहुणे खूश होऊन गेले. प्रेस्कॉटनं जाताना मेपलच्या पाकाच्या दोन बाटल्या घेतल्या. म्हणाला, काय विलक्षण मॉडेल आहे, गावं स्वतःच करतात, आपण पैसे द्यायचे आणि लांब राहायचं. आमच्याकडेही असंच करायला हवं.

थेअरबाईंचा निरोप: 'अभिनंदन. पहिला प्रकल्प मंजूर. आता कृपया काही करू नका.'

कोरीन उशिरा आली, भांडी घासून. मी म्हटलं, मतदार यादीचं तुला सांगणार होतो. म्हणाली, झोप आता.

९ मार्च, रविवार

सकाळी उठलो तर कोरीन घरात नव्हती. शाळेच्या पार्किंगमध्ये ट्रक, ट्रॅक्टर, दारासमोर सगळं गाव. हीट पंप यायच्या आधी जुना बॉयलर तुकडे करून बाहेर काढायचा, तोवर वर्गांत मागून आणलेल्या शेगड्या लावून शाळा उद्याच सुरू करायची, असं रात्रीच ठरलं म्हणे. कुणी ठरवलं, कुठल्या समितीत, कुणालाच सांगता येईना.

मी जाड हातमोजे घालून गेलो. समन्वयक म्हणून नाही. माणूस म्हणून, ओझी उचलायला. गावात माझ्याएवढे धट्टेकट्टे खांदे थोड्यांचे आहेत.

दारात मर्लमामा. म्हणाले, जावईबापू, पाऊल टाकायचं नाही असं ठरलंय. मी म्हटलं, मामा, मी फक्त लोखंड उचलणार. म्हणाले, मलाही वाईट वाटतं. पण ठराव म्हणजे ठराव. उद्या मीच मोडला तर माझा हातोडा कोण मानेल? बोलताना त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती, ते बघून मी वाद घातला नाही.

पायरीखाली उभा राहिलो. आतून घणाचे घाव, हशा, कुणीतरी कुणाला शिव्या घालतंय. बॉयलरचा एकेक तुकडा बाहेर येत होता आणि माझ्या शेजारून जात होता. लोक 'सांभाळून हं' म्हणत होते. मला. वाटेत उभा होतो म्हणून.

थोड्या वेळानं कोरीन बाहेर आली. काजळीनं गाल काळा. हातात कॉफी. मला दिली. मी म्हटलं, कोरीन, अगं दोन महिने मी ह्याच्यासाठीच धावत होतो. हेच हवं होतं मला. हीच शाळा, हीच पोरं.

ती म्हणाली, माहीत आहे रे.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थंडीमुळे, असं लिहिणार होतो. थंडीमुळे नाही.

तिनं माझ्या दंडावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला. मग आतून कुणीतरी हाक मारली तशी ती पायऱ्या चढून गेली आणि आत शेगडी पेटली होती म्हणून तिनं दार नीट ओढून घेतलं.